गंगेतला मासा आणि माणसाचा वर्ण

१/
इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील धनिकांच्या मेजवान्यांत एक विलक्षण शौक प्रचलित होता. तांबडा म्युलेट या जातीचा जिवंत मासा काचेच्या भांड्यात घालून पंगतीत आणला जाई आणि पाहुणे त्याला मरताना न्याहाळत बसत. प्राण जाताना माशाच्या अंगावर तांबड्या रंगाच्या छटा उसळत, विरत, पुन्हा उमटत आणि अखेर तो फिका पडे. सेनेका या तत्त्ववेत्त्याने या शौकाची कडक निर्भर्त्सना केली. मात्र ती करताना त्याने रंगांच्या त्या पालटाचे वर्णनही मोठ्या बारकाईने करून ठेवले.

२/
माशाचा रंग हा भिंतीला दिलेल्या रंगासारखा नसतो, एवढे त्या पंगतीतल्या कोणाच्याही ध्यानात आले असेल. जीव आहे तोवर तो रंग कोणीतरी धरून ठेवलेला असतो आणि जीव जाताच ती पकड सुटते. ही पकड कोणाची? मज्जातंतूंची, रक्तातून वाहणाऱ्या एखाद्या द्रव्याची, की आईबापांकडून आलेल्या वारशाची? या प्रश्नाचा पिच्छा पुरवणारे शास्त्रज्ञ अखेर जिथे पोहोचले, तिथे मासा नव्हता. तिथे माणसाची त्वचा होती.

३/
आधी या रंगाची रचना. माशाच्या त्वचेत ताऱ्यासारख्या फाटे फुटलेल्या पेशी असतात. त्यांना रंगपेशी म्हणतात. काळ्या रंगपेशीत मेलॅनिन या द्रव्याचे अतिसूक्ष्म कण भरलेले असतात. हे कण पेशीच्या फाट्यांत सर्वदूर पसरले की कातडी काळी दिसते आणि मध्यभागी गोळा झाले की फिकी. पेशी जागची हलत नाही, तिच्यातील कणांची संख्याही त्या क्षणी बदलत नाही. बदलतो तो केवळ त्यांचा मुक्काम. चांदणीच्या आकाराच्या ताटलीत मूठभर तीळ विखुरले तर ताटली काळपट दिसते. तेच मधोमध ढीग करून ठेवले तर ताटली मोकळी दिसते. इतकी ही साधी युक्ती आहे.

४/
कण पेशीच्या आत ये-जा करतात, हे १८५८ साली जोसेफ लिस्टर याने बेडकाच्या त्वचेवर दाखवले. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रुजवणारा, पुढे जगप्रसिद्ध झालेला शल्यविशारद तो हाच. त्याआधी अनेकांची समजूत अशी होती की पेशीच आखडते आणि पसरते.

५/
माशांच्या बाबतीत पहिला ठोस पुरावा फ्रान्सच्या किनाऱ्यावर मिळाला. १८७०च्या दशकात जॉर्ज पूशे हा संशोधक टर्बट या माशावर प्रयोग करत होता. टर्बट म्हणजे कोकणातल्या लेप्यासारखा चपटा, तळाशी वाळूवर पडून राहणारा आणि तळाच्या रंगाशी एकरूप होणारा मासा. पूशेने त्याचे डोळे निकामी केले, तेव्हा त्याची ही कला नाहीशी झाली. मग त्याने त्वचेकडे जाणारे अनुकंपी चेतासंस्थेचे तंतू कापले. ज्या भागाचे तंतू तुटले तेवढाच भाग फिका होईना. शेजारची कातडी मात्र पूर्ववत पालटत राहिली. निष्कर्ष उघड होता. डोळा तळ पाहतो, मेंदू हुकूम काढतो आणि मज्जातंतू तो कातडीपर्यंत पोहोचवतात.

६/
या हुकमाचा रस्ता इंचाइंचाने मोजला तो कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन तरुणाने. मधमाशांच्या नृत्याची भाषा उलगडून १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे फॉन फ्रिश सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या उमेदवारीची वर्षे मात्र मिनो नावाच्या बोटभर माशाबरोबर गेली. १९११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात असे दिसून आले की रंग फिका करणारे तंतू मेंदूच्या मागच्या भागातून निघतात, मज्जारज्जूतून उतरतात, साधारण पंधराव्या मणक्याजवळ बाहेर पडतात आणि अनुकंपी साखळीतून काही डोक्याकडे, काही शेपटीकडे जातात. त्या जागेच्या पुढे साखळी कापली तर डोक्याकडचा भाग काळवंडे, मागे कापली तर शेपटीकडचा. एखाद्या घरातील विजेची तारजोडणी तपासावी, तसे हे काम होते.

७/
त्याच प्रबंधातील एक निरीक्षण अधिक चक्रावणारे आहे. आंधळे केलेले मिनो मासेसुद्धा प्रकाशाला दाद देत. उजेडात ते गडद होत, अंधारात फिके पडत. कपाळावरील एका लहानशा ठिपक्यावर प्रकाशाची तिरीप पाडली तरी हाच परिणाम होई. डोळ्यांवाचून मेंदूलाच उजेड कळतो, ही कल्पना त्या काळी अनेकांना पचली नाही. पुढील संशोधनाने ती खरी ठरवली.

८/
म्हणजे रंगाची सूत्रे मज्जातंतूंच्या हाती, असे वाटावे तोच दुसरा धनी पुढे आला. १९१६ साली अमेरिकेत फिलिप स्मिथ आणि बेनेट अ‍ॅलन या दोघांनी स्वतंत्रपणे बेडकाच्या अगदी कोवळ्या पिल्लांतून पीयूषिका ग्रंथीचा अंकुर काढून टाकला. मेंदूच्या तळाशी लोंबणारी ही वाटाण्याएवढी ग्रंथी. ती काढलेली पिल्ले काळी न होता रुपेरी झाली. त्यांच्या मज्जातंतूंना धक्काही लागला नव्हता. रक्तातून काहीतरी येत होते आणि ते येणे थांबले होते.

९/
हे ‘काहीतरी’ शोधण्यात ज्याने आपली तारुण्याची वर्षे घातली, तो लॅन्सलॉट हॉगबेन. त्याने १९२०च्या दशकाच्या आरंभी एडिंबरामध्ये दाखवले की पीयूषिकेचा अर्क टोचला की फिका बेडूक काळा होतो. पुढे १९२७ साली तो दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेला. तिथे त्याला झेनोपस हा नखे असलेला बेडूक मिळाला आणि त्याच्यावर त्याने काळ्या-पांढऱ्या तळांचे दीर्घ प्रयोग मांडले.

१०/
या प्रसंगातील विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. बेडकाची कातडी कशाने काळी होते आणि कशाने गोरी, याचा अभ्यास एक माणूस अशा देशात बसून करत होता जिथे माणसाच्या कातडीचा रंग त्याचे घर, मजुरी आणि मताधिकार ठरवत असे. हॉगबेनला ते वातावरण सोसले नाही. १९३० साली तो लंडनला परतला, सामाजिक जीवशास्त्राच्या अध्यासनावर बसला आणि वंशश्रेष्ठत्वाला विज्ञानाचा मुलामा देणाऱ्यांवर त्याने सडकून टीका केली.

११/
त्याच सुमारास बर्लिनमध्ये इरावती कर्वे ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेटचे काम करत होत्या. फिशर हा पुढे नाझींच्या वंशविचाराचा एक आधारस्तंभ झाला. इरावतीबाईंना दिलेला विषय मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा होता; त्या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, ही फिशरची धारणा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असे लिहिले. एक मोजपट्टी घेऊन कवट्यांपाशी, एक बेडकांपाशी. दोघांचे विषय वेगळे, पण समोरचा आग्रह एकच होता. बाह्य खुणेवरून माणसाची प्रत लावण्याचा.

१२/
हॉगबेनने आपला सहकारी डेव्हिड स्लोम याच्यासह १९३१ साली जो सिद्धांत मांडला, तो असा: रक्तातून एक नव्हे तर दोन संप्रेरके काम करत असावीत. एक काळे करणारे, दुसरे त्याच्या उलट, फिके करणारे. पहिल्याचा पत्ता लागत होता. त्याला पुढे एमएसएच हे नाव मिळाले आणि त्याच्या मुख्य रूपाची १३ अमिनो आम्लांची साखळीही यथाकाल उलगडली. दुसरे संप्रेरक मात्र कोणाच्या हाती लागेना. पुष्कळांनी ते नाहीच असे ठरवून टाकले. अमेरिकेत हार्वर्डच्या जॉर्ज पार्कर यांनी सारी मदार मज्जातंतूंवर व त्यांच्या टोकांतून झिरपणाऱ्या रसायनांवर ठेवली. या दोन पक्षांतील वाद कित्येक वर्षे चालला. त्यातील बराचसा भाग आज केवळ इतिहासकारांच्या उपयोगाचा उरला आहे, कारण दोन्ही पक्ष आपापल्या प्राण्यापुरते खरे बोलत होते. मिनोमध्ये मज्जातंतूंचा अंमल मोठा, बेडकात संप्रेरकाचा, आणि बहुतेक माशांत दोघांचा सामायिक संसार.

१३/
फिके करणाऱ्या संप्रेरकाचा माग जपानमध्ये लागला. १९५५ साली मासाझुमी एनामी यांनी मांजरमाशाच्या, म्हणजे मिशाळ मागुराच्या जातकुळीतील एका माशाच्या, मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाचा व पीयूषिकेचा अर्क काढून रंगपेशींतील कण मध्यभागी गोळा करणारा घटक त्यात असल्याचे नोंदवले. तरी तो घटक शुद्ध स्वरूपात हाती यायला आणखी २८ वर्षे गेली.

१४/
१९८३ साली हिरोशी कावाउची व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामन माशाच्या पीयूषिका ग्रंथींतून ते संप्रेरक वेगळे केले. कावाउची हे ईशान्य जपानच्या सानरिकू किनाऱ्यावरील कितासातो विद्यापीठाच्या मत्स्यविज्ञान विभागात होते. त्यांच्या चमूत इंग्लंडमधील बाथ येथील ब्रिजेट बेकर याही होत्या. अवघ्या १७ अमिनो आम्लांची, एके ठिकाणी वळसा घालून स्वतःलाच जोडली गेलेली ती साखळी निघाली. तिचे नाव एमसीएच, मेलॅनिन गोळा करणारे संप्रेरक. हॉगबेनचा दुसरा घटक अर्ध्या शतकानंतर दृष्टीस पडला. हॉगबेन १९७५ साली निवर्तला होता.

१५/
गोष्ट इथे संपली असती तर ती मत्स्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सुखाने राहिली असती. पण १९८९ साली हेच संप्रेरक, १७ ऐवजी १९ अमिनो आम्लांचे, उंदराच्या मेंदूत सापडले. उंदीर तर तळाचा रंग पाहून कातडी पालटत नाही. मग त्याच्या मेंदूत हे कशासाठी? १९९६ साली बॉस्टनमधील एका चमूने उत्तर दिले: भुकेसाठी. ते उंदरांच्या मेंदूत सोडले की उंदीर अधिक खातात. दोन वर्षांनी असे उंदीर तयार झाले ज्यांच्यात हे संप्रेरक बनतच नव्हते. ते कमी खात आणि सडपातळ राहत.

१६/
जपानी संशोधकांनी हे धागे पुन्हा माशाशी जोडून पाहिले. बारफिन फ्लाउंडर या चपट्या माशाची पिल्ले पांढऱ्या टाक्यांत वाढवली तर त्यांच्यात एमसीएच वाढते, ती अधिक खातात आणि काळ्या टाकीतील भावंडांपेक्षा वेगाने वाढतात. टाकीचा रंग बदलून माशाचे वजन वाढवता येते, हे एखाद्या मत्स्यशेतकऱ्याला सांगितले असते तर त्याने थट्टा समजली असती. रंग आणि भूक यांची अशी गाठ केवळ एमसीएचपुरतीही नाही. कातडी काळी करणारे एमएसएच हे मेंदूत भूक आवरण्याचेही काम करते. ज्या मोठ्या प्रथिनातून ते कापून काढले जाते, ते प्रथिन जन्मतः न बनणाऱ्या मुलांचे वर्णन १९९८ साली जर्मनीतून आले: लाल केस, फिकट त्वचा आणि न शमणारी भूक.

१७/
आता वारशाकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आले आणि रंग हा वारसा मोजण्याचा सर्वांत सोयीचा गुण ठरला, कारण तो डोळ्यांना दिसतो. १९२० साली डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी दाखवले की गप्पी माशातील एक ठिपका बापाकडून केवळ मुलग्यांकडे जातो. हे तेच श्मिट, ज्यांनी ईल माशाच्या जन्मस्थानाचा शोध अटलांटिक महासागरभर घेतला. पुढच्याच वर्षी जपानमध्ये तात्सुओ आइदा यांनी भातशेतात राहणाऱ्या मेदाका माशाचा तांबडा रंग वाय गुणसूत्रावरून येतो असे सिद्ध केले. त्या काळी वाय गुणसूत्र जवळपास रिकामी पिशवी मानले जाई. त्या पिशवीत काही आहे, हे प्रथम दाखवून दिले ते या चिमुकल्या माशांच्या रंगाने.

१८/
रंगाने दिशाभूलही केली. १९६३ साली जर्मनीत शोभिवंत माशांतील एका ठिपकेदार माशाला नवी जात म्हणून स्वतंत्र शास्त्रीय नाव देण्यात आले. तो दिसायला झेब्राफिशसारखाच, फक्त पट्ट्यांऐवजी अंगावर ठिपके. संकर करून पाहिल्यावर कळले की ती निराळी जात नव्हेच. एका जनुकातील बिघाडाने पट्टे तुटून ठिपके झालेला तो झेब्राफिशच होता. ते जनुक कोणते, हे २००६ साली निश्चित झाले. शेजारच्या रंगपेशी एकमेकींशी ज्या सूक्ष्म नळ्यांतून निरोप देतात, त्या नळ्यांचे प्रथिन त्यातून बनते. एका प्रथिनाच्या फरकावर तज्ज्ञांनी एक जात उभी केली होती.

१९/
झेब्राफिशचे मूळ घर भारतीय उपखंडात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस बुकॅनन, ज्याने पुढे हॅमिल्टन हे आडनाव घेतले, त्याने १८०७ ते १८१४ या काळात बंगाल प्रांताची पाहणी केली. नद्या, भातखाचरे आणि ओढे यांतील माशांची त्याने टिपणे केली, स्थानिक चित्रकाराकडून चित्रे काढवून घेतली आणि १८२२ साली एडिंबरा येथे गंगेतील माशांवरील ग्रंथ छापला. त्यात निळ्या-सोनेरी आडव्या पट्ट्यांचा, जेमतेम दीड इंचाचा एक मासा होता. आज त्याचे शास्त्रीय नाव डॅनिओ रेरिओ. यातील डॅनिओ हे बंगालीतील ‘धानी’चे, म्हणजे भातातल्याचे, रूप. खाण्याच्या दृष्टीने निरुपयोगी असल्याने त्याच्याकडे पुढे फारसे कोणी पाहिले नाही. काचेच्या टाक्या घरोघरी आल्या तेव्हा मात्र तो जगभर गेला.

२०/
१९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी हा मासा प्रयोगशाळेत आणला. स्ट्रायसिंगर बुडापेस्टचे. ज्यूंवरील वाढत्या संकटामुळे १९३७ साली त्यांच्या कुटुंबाने हंगेरी सोडली, तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. विषाणूंच्या अनुवंशशास्त्रात नाव कमावल्यानंतर त्यांना पाठीचा कणा असलेला, स्वस्त, भराभर वाढणारा आणि काचेसारखी पारदर्शक पिल्ले देणारा प्राणी हवा होता. ते स्वतः शोभिवंत माशांचे हौशी.

२१/
१९८१ साली ‘नेचर’मध्ये त्यांचा जो लेख आला त्यात त्यांनी केवळ आईच्या वारशावर वाढणारे, एकसारखे झेब्राफिश निर्माण केल्याचे दाखवले. बापाचे शुक्राणू अतिनील किरणांनी निकामी केलेले. ते अंड्याला फक्त जागे करत. पण बापाचा काहीच अंश पिल्लात आला नाही, हे ओळखायचे कसे? त्यासाठी त्यांनी ‘गोल्डन’ हा आपोआप उद्भवलेला फिका प्रकार वापरला. त्याचे पट्टे काळे नसतात, विटके सोनेरी असतात. आई सोनेरी आणि बाप काळ्या पट्ट्यांचा घ्यायचा. पिल्लू सोनेरी निघाले की बापाचे काही उतरले नाही, हे उघड्या डोळ्यांनी कळे.

२२/
अशा रीतीने गोल्डन मासा पुढील दोन तपे प्रयोगशाळांत खुणेच्या दोऱ्यासारखा वापरला गेला. जनुकांतील बिघाडांचे प्रमाण मोजायचे, काढा गोल्डन. संकर तपासायचा, काढा गोल्डन. त्याच्या फिकेपणामागील जनुक नेमके कोणते, याची कोणालाच घाई नव्हती. स्ट्रायसिंगर १९८४ साली समुद्रात बुडी मारताना हृदयविकाराने गेले. त्यांना ते कळले नाही.

२३/
ती घाई एका कर्करोगतज्ज्ञाला झाली. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथील वैद्यक महाविद्यालयात कीथ चेंग पेशींच्या बिघाडांचा अभ्यास गोल्डन माशावर करत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले की गोल्डनच्या रंगपेशींत मेलॅनिनच्या पिशव्या कमी, लहान आणि विरळ भरलेल्या असतात. गोऱ्या युरोपीय त्वचेतील पिशव्याही आफ्रिकी त्वचेच्या तुलनेत अशाच कमी, लहान आणि विरळ असतात. हे साम्य त्यांनी सोडले नाही.

२४/
१६ डिसेंबर २००५ च्या ‘सायन्स’मध्ये रेबेका लॅमसन, चेंग आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांचा लेख आला. गोल्डनमध्ये बिघडलेले जनुक एसएलसी२४ए५ हे होते. गोल्डनमध्ये त्याचे प्रथिन अर्ध्यावरच तुटते. मग त्यांनी माणसाच्या त्याच जनुकाचा संदेश गोल्डनच्या गर्भात टोचला. फिक्या पिल्लांच्या अंगावर काळे ठिपके उमटले. मासा आणि माणूस यांचे पूर्वज ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी माणसाच्या प्रथिनाने माशाचे काम निभावले.

२५/
त्यानंतर त्यांनी माणसांच्या जनुकसंग्रहांत पाहिले. या प्रथिनातील १११व्या जागी आफ्रिकी व पूर्व आशियाई लोकांत बहुतेक सर्वांकडे अ‍ॅलनिन हे अमिनो आम्ल असते. युरोपीय वंशाच्या जवळजवळ सर्वांकडे त्याच जागी थ्रिओनिन. कोट्यवधी अक्षरांच्या मजकुरातील एका अक्षराचा हा फरक. मिश्र वंशाच्या लोकांची त्वचा प्रकाशमापकाने मोजून त्यांनी अंदाज दिला की युरोपीय आणि आफ्रिकी त्वचेच्या रंगातील अंतरापैकी २५ ते ३८ टक्के अंतर या एका अक्षराच्या खाती जाते.

२६/
वृत्तपत्रांनी गोरेपणाचे जनुक सापडले असे मथळे सजवले. मथळा चुकीचा होता. हे जनुक रंग बनवणारे आहे. त्याच्यात किंचित बदल झाला की रंग कमी बनतो. शिवाय पूर्व आशियाई लोकांत हा बदल नाही आणि तरीही त्यांची त्वचा उजळ असते. त्यांच्यात ती वाट इतर जनुकांनी मोकळी केली आहे, त्यांपैकी एक ओसीए२. हेच जनुक मेक्सिकोतील अंध गुहामाशांत मोडलेले आढळते, आणि पाचोन व मोलिनो या दोन गुहांत ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी मोडले आहे. काळोखात एकाच परिणामाकडे दोन वाटा गेल्या. रंगाच्या सारखेपणावरून रक्ताचे नाते जोडणे किती फसवे, हे यातून दिसते.

२७/
भारतात हा प्रश्न विशेष नाजूक. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा अशी सूक्ष्म प्रतवारी मराठीत आहे आणि स्थळांच्या जाहिरातींत ती नेमाने वापरली जाते. वासाहतिक काळातील रिस्लेसारख्या अधिकाऱ्यांनी नाकाची रुंदी मोजून जातींची उतरंड ‘शास्त्रीय’ ठरवली होती, आणि वर्ण या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळून टाकणाऱ्यांची आपल्याकडेही वाण नाही.

२८/
२०१३ साली एस्टोनियातील आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी हेच अक्षर उपखंडात तपासले. ५४ समूहांतील २,७६३ व्यक्तींचे नमुने त्यात होते. उजळ त्वचेशी निगडित ते रूप युरोपात आणि भारतात एकाच मूळ बदलातून आलेले निघाले. त्या बदलाचे वय अंदाजे २२ ते २८ हजार वर्षे. वायव्येकडे ते अधिक आढळते, पण कोणत्याही एका जातीच्या, भाषेच्या किंवा प्रदेशाच्या कुंपणात ते राहत नाही. त्याचे प्रमाण भूगोल, भाषाकुल आणि त्या त्या समूहाच्या स्थलांतरांचा व अंतर्विवाहाचा इतिहास यांच्या एकत्र परिणामाने ठरते. या एका जनुकाने त्वचेच्या रंगातील फरकाचा काही भागच समजतो. उरलेल्या भागाचे हिशेब इतर अनेक जनुकांत आणि उन्हात वाटले गेले आहेत.

२९/
माशासारखी कातडी क्षणात पालटणे माणसाला जमत नाही, याचे कारणही आता ठाऊक आहे. माशाची रंगपेशी मेलॅनिनचे कण स्वतःपाशी ठेवते आणि हवे तेव्हा गोळा करते किंवा पसरवते. माणसाची रंगपेशी ते कण शेजारच्या त्वचापेशींना देऊन टाकते. एकदा दिलेले परत बोलावता येत नाही. उन्हाने आलेला काळेपणा उतरायला म्हणूनच आठवडे लागतात. ती त्वचा झडून जावी लागते.

३०/
२०१४ साली उत्तर स्पेनमधील ला ब्रान्या येथील गुहेत सापडलेल्या एका माणसाच्या सांगाड्याचा जनुकपट प्रसिद्ध झाला. तो सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी शिकार करून जगत होता. जनुकांवरून त्याचे डोळे बहुधा निळे होते. त्याची त्वचा गडद असावी, कारण एसएलसी२४ए५ मधील त्या १११व्या जागी त्याच्याकडे थ्रिओनिन नव्हते. तिथे जुने अ‍ॅलनिनच होते, बंगालच्या भातखाचरांतील काळ्या पट्ट्यांच्या माशाकडे असते तेच.